सक्ती सरकारची, हप्ता रिक्षावाल्याचा

रिक्षाच्या पासिंगची तारीख जवळ आली की स्टँडवरचे बोलणे बदलते. निवडणूक, क्रिकेट, कोणता नेता कोणत्या गटात गेला हे सारे बाजूला पडते आणि ‘तुझा इन्शुरन्स कितीला बसला?’ हा एकच विषय उरतो. विमा चालू नसेल तर पासिंग नाही, पासिंग नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि गाडी उभी राहिली तरी फायनान्स कंपनीचा हप्ता थांबत नाही. म्हणून कोणी भिशी उचलतो, कोणी सावकाराकडे जातो, कोणी बायकोचे मणी गहाण टाकतो. पण वर्षाचा विमा एकरकमी भरतोच. विम्याचा हप्ता आगाऊ आणि पूर्ण जमा झाल्याखेरीज विम्याची जबाबदारी सुरूच होत नाही, असे विमा कायद्याचे कलम ६४-व्हीबी सांगते. टीव्ही हप्त्याने मिळतो, मोबाईल हप्त्याने मिळतो, पण ज्याच्यावाचून चूल पेटत नाही त्या गाडीचा सक्तीचा विमा हप्त्याने मिळत नाही!

ही रिक्षा चालवणारे कोण आहेत हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दहावी-बारावी झालेली, काही तर पदवी घेतलेली आपली पोरे आहेत. सरकारी नोकरीची वाट पाहिली, अनुशेष भरला गेला नाही, पाहता पाहता कायम जागांवर कंत्राटदार येऊन बसला. २०१७ मध्ये राज्यात रिक्षाचे परमिट खुले झाले तेव्हा ‘निदान स्वतःचे चाक तरी होईल’ या आशेने अनेकांनी कर्ज काढून गाडी घेतली. स्वयंरोजगार म्हणून सरकारने त्याचे कौतुकही केले. या स्वयंरोजगाराच्या मानेवर वर्षाला किती ओझे ठेवले आहे, त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो आम्ही मांडतो.

सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला, तिऱ्हाइताला, इजा झाली किंवा तो दगावला तर त्याला द्यायच्या भरपाईचा विमा. त्याचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. २०२२ च्या जूनपासून लागू झालेले दर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून जाहीर केले. त्यात एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावरच्या मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये. २००७ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ६७०, ८०० आणि २,५०० होते. म्हणजे पंधरा वर्षांत लहान मोटारीचा हप्ता तिपटीच्या वर गेला आणि मधल्या गटाचा चौपटीहून अधिक झाला. जुनी मारुती घेऊन कुटुंबाला गावी नेणारा शिक्षक, कारकून, नर्स यांनाही ही वाढ सोसावी लागलीच.

आता रिक्षाकडे पाहा. तिचा मूळ दर अडीच हजारांच्या घरात आहे. पण हिशेब तिथे संपत नाही. त्यात प्रत्येक प्रवाशामागे बाराशेहून अधिक रुपये मिळवायचे. तीन प्रवासी धरले की रक्कम सहा हजारांच्या वर जाते, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागला की सात हजारांचा आकडा ओलांडते. इंजिन साधारण दोनशे सीसीचे, वेग बेताचा, आणि विमा दीड हजार सीसीच्या वरच्या आलिशान मोटारीच्या जवळपास! लहान खासगी मोटारीच्या तर जवळजवळ तिप्पट. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या टप्प्याचे भाडे २६ रुपये झाले. त्या दराने पाहिले तर गॅस, देखभाल, कर्जाचा हप्ता काहीच न धरता जवळपास पावणेतीनशे फेऱ्या फक्त विम्यासाठी मारायच्या. आणि २०२५ च्या मध्यावर हे दर आणखी वाढवण्याचा प्रस्ताव असल्याच्या बातम्या येऊन गेल्या.

यावर उत्तर तयार असते. रिक्षा दिवसभर रस्त्यावर असते, भाड्याने माणसे वाहते, तिच्याकडून अपघाताचा संभव जास्त, म्हणून दर जास्त. ठीक आहे. पण मग वीस वर्षे बॅज लावून एकही अपघात न केलेल्या चालकाला आणि काल लायसन मिळालेल्या बेफाम पोराला एकच दर का? आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो ऐच्छिक विमा असतो त्यात दावा केला नाही म्हणून सवलत मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. सक्तीच्या थर्ड पार्टीत असली सवलत नाही. नवी कोरी मोटार फुल इन्शुरन्सने मिरवणाऱ्याला ती सवलत मिळते. ज्याला परवडतो फक्त थर्ड पार्टी, त्याने कितीही जपून गाडी चालवली तरी त्याच्या सावधपणाची किंमत शून्य!

विमा कंपन्या म्हणतात की थर्ड पार्टीत आम्हाला तोटा होतो. जमा होणाऱ्या हप्त्यापेक्षा भरपाई जास्त जाते. हे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा ठेवली नाही, आणि ते योग्यच झाले. पण दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे पडून असतो, त्या काळात जमा झालेला पैसा कंपनीच्या गुंतवणुकीत फिरत असतो, हे तोट्याचे रडगाणे गाताना कोणी सांगत नाही. शिवाय या धंद्याचा इतिहास थोडा आठवावा लागतो. १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी मालकीचा होता. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्या तो करत. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडले. परकीय भांडवलाला त्या वेळी २६ टक्क्यांची मर्यादा होती. २०१५ मध्ये ती ४९ झाली, २०२१ मध्ये ७४, आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने १०० टक्क्यांना मंजुरी दिली. स्पर्धा आली की ग्राहकाचे भले होईल असे आम्हाला सांगितले होते. रिक्षावाल्याचे काय झाले? १ जानेवारी २००७ पासून इतर मोटार विम्याचे दर मोकळे झाले आणि ट्रक, टॅक्सी, रिक्षा यांचा थर्ड पार्टी विमा घ्यायला कंपन्या नाखूश असल्याने त्याच वर्षीच्या एप्रिलपासून व्यापारी वाहनांसाठी सर्व कंपन्यांचा मिळून एक सामाईक ‘पूल’ काढावा लागला. २०१२ मध्ये तो गुंडाळला गेला. २०११ पासून दरवाढीचा जो सिलसिला सुरू झाला त्याची मुळे या पुलाच्या तोट्यात आहेत. म्हणजे बाजाराला गरिबाची गाडी नको होती. सक्तीमुळे ती घ्यावी लागली, तेव्हा तिची किंमत गरिबाकडूनच वसूल झाली.

इथे आम्हाला बाबासाहेबांचा एक विचार मुद्दाम मांडावासा वाटतो, कारण आपल्याच चळवळीत तो फारसा बोलला जात नाही. १९४७ मध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी शेती आणि मूलभूत उद्योगांबरोबर विम्याचाही विचार केला होता. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे, असे त्यांनी त्यात सुचवले. कारण दुहेरी होते. राज्याची सारी साधनसंपत्ती मागे उभी असल्याने विमेदाराचा पैसा बुडत नाही, आणि जमा होणारे भांडवल देशाच्या उभारणीसाठी राज्याच्या हाती येते. बाबासाहेब मोटारीच्या विम्याबद्दल बोलत नव्हते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांच्या योजनेत दोन गोष्टी एकत्र होत्या, आणि त्या कधी सुट्या करायच्या नव्हत्या. सक्ती राज्याची, तर जबाबदारीही राज्याची. आणि हप्ता मिळकतीच्या प्रमाणात. आज काय आहे? सक्ती राज्याची आहे, कलम १४६ ने आहे. जबाबदारी बाजाराकडे गेली. आणि मिळकतीचे प्रमाण? स्वतःची एक रिक्षा असलेल्याला आणि भाड्याने पन्नास गाड्या फिरवणाऱ्या मालकाला दर गाडीमागे सारखाच आकडा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकर समिती नेमली गेली आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात मालक भरतो, कामगार पगाराच्या प्रमाणात भरतो. स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असलेला रिक्षावाला त्या छत्राबाहेर राहिला तो आजतागायत.

आता आपल्यातलेच काही जण म्हणतील, विमाच रद्द करा, फुकटचा भुर्दंड आहे. आम्हाला हे अजिबात मान्य नाही. रस्त्यावर मरतो कोण, हे आधी पाहा. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्ते अपघातांत मेली. त्यांतले जवळपास निम्मे दुचाकीवरचे आणि ३२ हजारांहून अधिक चक्क पायी चालणारे. पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी सफाई कामगार बाई, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, सायकलवरून कारखान्याला जाणारा वॉचमन, ही माणसेही आपलीच आहेत. एकाच वस्तीतला एक जण रिक्षा चालवतो आणि दुसरा तिच्यापुढून रस्ता ओलांडतो. कंपन्यांना हवे ते हे की पहिल्याचा हप्ता वाढवा नाहीतर दुसऱ्याची भरपाई कापा. या दोघांना एकमेकांसमोर उभे करण्याचा हा डाव आपण ओळखला पाहिजे. २०१६ मध्ये आलेल्या मोटार वाहन दुरुस्ती विधेयकात विमा कंपनीची जबाबदारी मृत्यूला दहा लाख आणि गंभीर दुखापतीला पाच लाखांवर आणून ठेवण्याची तरतूद होतीच. ती पुढे काढून टाकावी लागली, आणि बरे झाले.

भरपाई मोजण्याची रीत तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. माणूस मेला की त्याची कमाई किती होती ते पाहून भरपाई ठरते. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्याची कमाई ‘अंदाजे’ धरली जाते. १९९४ मध्ये कायद्याला जे दुसरे परिशिष्ट जोडले त्यात न कमावणाऱ्या माणसाची काल्पनिक मिळकत वर्षाला १५ हजार रुपये धरली होती आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. घर चालवणाऱ्या बाईची किंमत नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश! २०१७ च्या प्रणय सेठी आणि २०२१ च्या कीर्ती या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांची भावी वाढ आणि गृहिणीचे श्रम मोजायला सांगितले, तेव्हा परिस्थिती थोडी सुधारली. तरीही हप्ता भरताना सगळे सारखे आणि मेल्यावर मजुराचा जीव स्वस्त, हे गणित संपलेले नाही.

आणि स्वतः चालकाचे काय? हा प्रश्न आम्ही अनेक स्टँडवर विचारून पाहिला. बहुतेकांना वाटते, विमा आहे म्हणजे आपल्याला काही झाले तर घरच्यांना पैसे मिळतील. असे नाही! थर्ड पार्टी हा दुसऱ्यासाठीचा विमा आहे. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी वेगळे वैयक्तिक अपघात कवच लागते. ते २०१८ पासून १५ लाखांचे झाले आणि त्यासाठी सुरुवातीला वर्षाला ७५० रुपये ठरले. त्यापूर्वी ते दुचाकीला एक लाख आणि मोटारीला दोन लाख एवढेच होते. ही सुधारणा चांगली आहे. पण शिफ्टवर दुसऱ्याची गाडी चालवणारा पोरगा कुठे बसतो? पगारी चालक असेल तर कामगार भरपाई कायद्याखाली मालकाची जी जबाबदारी येते ती विम्यात धरली जाते. परंतु शिफ्टवाल्याला पगार कोण देतो? तोच मालकाला रोजचे भाडे देतो. पगाराची नोंद नाही, हजेरी नाही, कागदाचा चिटोरा नाही. गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्याला तिऱ्हाईत म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटले. म्हणजे तो ना पगारी नोकर, ना मालक, ना तिऱ्हाईत. गावाच्या वेशीबाहेर ठेवण्याची रीत या देशाला नवीन नाही. पॉलिसीच्या कागदालाही वेस असते एवढेच नव्याने कळले.

दावा आला की कंपन्या काय करतात याचा एक दाखला देतो. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याने रिक्षा, टॅक्सी, छोटा टेम्पो चालवला तर लायसनवर व्यापारी वाहनाची वेगळी नोंद नाही, म्हणून भरपाई देणार नाही, असा पवित्रा विमा कंपन्या अनेक वर्षे घेत होत्या. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कंपन्यांनी तो प्रश्न पुन्हा वर नेला. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या वाहनाचे लायसन पुरते. लाखो चालकांच्या पोटावरची टांगती तलवार त्या दिवशी उतरली. आपल्या किती संघटनांनी हा निकाल स्टँडवर वाचून दाखवला? असो.

कराची गोष्ट आणखी संतापजनक आहे. १९९४ मध्ये सर्वसाधारण विम्यावर सेवाकर आला तेव्हा तो ५ टक्के होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्य विमा करमुक्त झाले. त्याचे आम्ही स्वागत करतो. मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आणि माणसे वाहणाऱ्या रिक्षा-टॅक्सीच्या विम्यावर? १८ टक्के जसेच्या तसे! ऐच्छिक विमा करमुक्त, सक्तीच्या विम्यावर अठरा टक्के, हा कुठला न्याय? जी गोष्ट घेतली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्यांदा दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, ती गोष्ट घेण्यावर पुन्हा कर. मोठ्या कंपन्यांना भरलेल्या कराची वजावट मिळते. रिक्षावाला ती कुठे मागणार?

परिणाम डोळ्यांसमोर आहे. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही, ही गोष्ट २०२४ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालातच आली. त्यात दुचाकी सर्वांत जास्त. ही सगळी माणसे बेजबाबदार आहेत असे समजून दंड वाढवत नेणे सोपे आहे. पण विमा नसलेल्या गाडीने अपघात झाला तर गाडी विकून पैसा न्यायाधिकरणात जमा करण्याचे नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितले आहे. म्हणजे हप्ता परवडला नाही म्हणून चुकवला, की एका दिवसात गाडी जाते, आणि जखमीच्या हाती त्या भंगार गाडीच्या किमतीपलीकडे फारसे काही येत नाही. दोन्ही घरे बुडतात.

दुसरा मार्ग नाही असे कोणी सांगू नये. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातग्रस्तांची भरपाई सरकारी योजनेतून सुरू केली. तिथे मोटारींचा वाटा पेट्रोलवरच्या आकारातून आणि वाहन नोंदणीतून जमा होतो. दक्षिण आफ्रिकेतही इंधनावरच्या आकारातून रस्ते अपघात निधी चालतो. त्याच्या कारभारामुळे तो देण्यांच्या गाळात रुतला हेही खरे, म्हणून नक्कल करताना डोळे उघडे ठेवावे लागतील. पण जो जास्त गाडी चालवतो आणि जास्त इंधन जाळतो तो जास्त भरतो, एकरकमी भरण्याची वेळ येत नाही, आणि विम्यावाचून एकही गाडी राहत नाही, हे त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. ते होईपर्यंत रिक्षा-टॅक्सीच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी शून्य करा, अपघात न करणाऱ्या चालकाला थर्ड पार्टीतही सवलत द्या, एकच गाडी स्वतः चालवणाऱ्यासाठी वेगळा दर ठरवा, हप्ता तिमाहीने घ्या आणि शिफ्टवर चालवणाऱ्याला नावानिशी कवच द्या. भाडेवाढीच्या वेळी मंत्रालयापुढे ठिय्या देणाऱ्या संघटनांनी या मागण्या दिल्लीच्या दारात न्याव्यात, कारण विम्याचा दर मुंबईत ठरत नाही.

तोवर आमच्या वाचकांपैकी जे गाडी चालवतात किंवा ज्यांच्या घरात कोणी चालवतो, त्यांनी एवढे करावे. एजंटाने दिलेली पॉलिसी तशीच डिकीत टाकू नका. तिचा नंबर एम-परिवहन ॲपवर दिसतो का ते पाहा, कारण बनावट कागद देणारे कमी नाहीत. वैयक्तिक अपघात कवचाची रक्कम लावली आहे का आणि वारसाचे नाव घातले आहे का, ते वाचून घ्या, नसेल वाचता येत तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. शिफ्टवर गाडी देत असाल तर चालकाचा विमा कंपनीकडून लिहून घ्या. आणि घरातला कोणी अपघातात गेला तर दिवस, तेरावे, वर्षश्राद्ध यांत वेळ घालवू नका. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणात दावा करायला सहा महिन्यांची मुदत घातली असून १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली आहे. पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत पहिल्याच आठवड्यात ताब्यात घ्या.